गोळी सुटते, कंबर दुखतच राहते : उपचारासोबत चालण्याविषयी

"कंबर लई दुखायलीय, त्या गोळ्याची एक पट्टी द्या." मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य आपल्या वस्तीतले कोणी ना कोणी रोज म्हणत असते. म्हणणारा व्यसनी आहे असे त्याला स्वतःला वाटत नाही, घरच्यांनाही वाटत नाही. तो दारू पीत नाही, गुटखाही खात नसेल. तो फक्त कंबरेची गोळी घेतो.

मोंढ्यात पोती उचलणारा हमाल, वीटभट्टीवर राबणारे जोडपे, उचल घेऊन कारखान्यावर गेलेला कोयता, बांधकामावर डोक्यावरून माल वाहणारी बाई. नांदेड-लातूरकडच्या आपल्या वस्त्यांत कंबर, गुडघे आणि मान दुखत नाही असे घर शोधून सापडणार नाही. ऊसतोडीच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, तेही पहाटे. सुट्टी घेतली तर खाडा पडतो. अशा वेळी आराम परवडत नाही, गोळी परवडते. पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी पाच महिने चालते. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मग एक दिवस गोळी मिळत नाही आणि कंबरेपेक्षा भलतेच काही सुरू होते. जांभया, नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांत वळ, रात्रभर झोप नाही. गोळी पोटात गेली की तासाभरात सगळे शांत. इथे ओळखायचे की गोळी आता दुखण्यासाठी चाललेली नाही, शरीराला तिची सवय जडली आहे.

कोणती गोळी?

सगळ्या वेदनाशामक गोळ्या अशा नसतात. पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांचे इतर तोटे आहेत, पण त्यांची अशी ओढ लागत नाही. ओढ लागते ती अफूच्या जातीच्या औषधांची. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात नाव असते, ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन, पेंटाझोसिन, मॉर्फिन यांपैकी काही असेल तर ते या जातीचे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. 'दुखण्याचे इंजेक्शन' म्हणून टोचतात त्यातही कधी हीच जात असते. ट्रॅमाडॉल पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येते, म्हणून पॅरासिटामॉल वाचून थांबू नका, पुढचे नावही वाचा.

वस्तीत 'बटन' म्हणून विकली जाणारी गोळी निराळी, ती झोपेच्या औषधांच्या जातीची. पण ट्रॅमाडॉलवर बटन, किंवा दोन्हींवर दारू, असे एकत्र झाले की श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. घरच्यांना सकाळी कळते.

ट्रॅमाडॉल एप्रिल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. चिठ्ठीशिवाय विकणे गुन्हा आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात अफूच्या जातीचे पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात निघाली. त्यात गर्द आणि अफू आहेच, पण औषधाच्या दुकानातल्या गोळ्या-सिरप घेणारेही लोकसंख्येच्या जवळजवळ 1 टक्का निघाले. म्हणजे ही एखाद्या बिघडलेल्या पोराची गोष्ट नाही.

सोडली की जास्त का दुखते?

उपचार सुरू झालेल्या माणसाची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. "गोळी घेत होतो तेव्हा बरा होतो, सोडली आणि कंबर मोडली." घरचे म्हणतात, नाटक करतो, गोळीसाठी बहाणे. ते नाटक नसते.

आपल्या शरीरात वेदना दाबणारी स्वतःची रसायने तयार होतात. बाहेरून रोज गोळी येऊ लागली की शरीर आपले काम कमी करते. शिवाय ही औषधे फार दिवस घेतली तर काही जणांच्या मज्जातंतूंचा नाजूकपणा वाढतो, आधी जे सहन होत होते तेही झोंबू लागते. म्हणजे दुखण्यासाठी घेतलेली गोळीच दुखणे वाढवते आणि माणूस ते दाबायला आणखी एक घेतो. गोळी थांबली की सुरुवातीचे काही दिवस हा नाजूकपणा उघडा पडतो. ट्रॅमाडॉलसारख्या गोळीचा मुख्य त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडाभरात उतरू लागतो. झोप आणि अंगदुखी मात्र पुढे कित्येक आठवडे रेंगाळते. याच आठवड्यांत बहुतेक लोक परत मेडिकलकडे वळतात. व्यसनाच्या उपचारात दुखण्याचा उपचार केला नाही तर उपचार अर्धाच राहतो, असे मी म्हणते ते याचसाठी.

मुळात ही गोळी कंबरदुखीवर कितपत चालते? ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी नव्याने कंबर किंवा मान धरलेल्या 347 लोकांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना अफूच्या जातीची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सहा आठवड्यांनी दोन्हींत फरक नव्हता. हे 2023 साली छापून आले. त्याआधी 2018 मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीच्या 240 रुग्णांना वर्षभर तपासले होते. अफूच्या जातीची औषधे घेणारे साध्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा अधिक कामाला लागले असे काही दिसले नाही, उलट दुखणे त्यांनाच थोडे जास्त राहिले. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यांत अफूच्या जातीची औषधे नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असे आहे आणि व्यायाम करा असे आहे. कंबरेचा पट्टाही नेहमीसाठी नको असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे मात्र पट्टा बांधला की निम्मे दुखणे गेले असे समजतात.

एकदम बंद करू नका

चालण्याकडे वळण्याआधी हे वाचा. गोळ्या नाल्यात फेकून, माणसाला खोलीत कोंडून व्यसन सुटत नाही. एकदम बंद केल्याने त्रास तर होतोच, पण त्याहून मोठा धोका पुढे असतो. पंधरा-वीस दिवस गोळी बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग कोणी जुन्या हिशोबाने एकदम पाच-सहा गोळ्या घेतल्या तर तेवढ्याने श्वास बंद पडू शकतो. ट्रॅमाडॉल जास्त घेतले तर फिटही येते. गरोदर बाईने तर स्वतःच्या मनाने बंद करूच नये, पोटातल्या बाळाला धोका असतो. तिने डॉक्टरांना खरे सांगावे.

डॉक्टर दोन प्रकारे जातात. सवय हलकी असेल तर डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात. जड असेल तर ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी देतात, पुष्कळदा नॅलोक्सोनसोबत. ती जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची, गिळली तर वाया जाते. ती जुन्या गोळीची ओढ आणि त्रास दोन्ही थांबवते. पहिला डोस घेण्याआधी जुनी गोळी शेवटची कधी घेतली ते तासांसकट खरे सांगा. खोटे सांगितले आणि ब्युप्रेनॉर्फिन लवकर पडले तर सगळा त्रास एकदम अंगावर येतो, मग माणूस म्हणतो औषधच वाईट. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारण्यासारखी. या गोळीने ओढ दिवसभर थांबते, पण दुखण्यावरचा तिचा असर सहा-आठ तासच टिकतो. म्हणून कंबर दुखणाऱ्या रुग्णाचा तोच डोस दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येतो का, हे विचारावे.

"एक नशा सोडून दुसरी लावली" असे शेजारचे म्हणतील. विहारातही कोणी म्हणेल. पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते. डॉक्टरांच्या मापाने घेतलेली गोळी माणसाला प्रमादात नेत नाही, कामावर, घरी, शुद्धीवर परत आणते. मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत असत, ते डॉक्टरांचे औषध घेत होते. आजाराला आजार म्हणायला त्यांचा कधी विरोध नव्हता.

मग चालण्याचे काय?

गोळी कमी होत असताना दुखण्याला काहीतरी दुसरे लागते. फिजिओथेरपी मिळाली तर फार चांगले. पण रोज, फुकट आणि घरापासून करता येईल असे काही हवे असेल तर ते चालणे आहे. 2024 साली ऑस्ट्रेलियातच 701 लोकांवर मोठी चाचणी झाली. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू चालायला शिकवले, आणि दुखण्याविषयी समजावूनही सांगितले. उद्दिष्ट होते आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मधला काळ 208 दिवसांचा लागला, न चालणाऱ्यांची 112 दिवसांत धरली. ते लोक व्यसनाच्या उपचारातले नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. पण कंबर कंबरच असते.

चालण्याने मणक्याभोवतीचे स्नायू बळकट होतात, सांध्यांची जखड सुटते. शरीराची स्वतःची वेदना दाबण्याची यंत्रणा पुन्हा कामाला लागते. रात्री झोप लागते, आणि झोप झाली की दुसऱ्या दिवशीचे दुखणे कमी वाटते. ब्युप्रेनॉर्फिनने बद्धकोष्ठ होते, त्यालाही चालणे उपयोगी. गोळीची ओढ लाटेसारखी येते आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. ती पंधरा मिनिटे घरात भिंतीकडे बघत काढण्यापेक्षा पायांवर काढणे सोपे जाते.

भगवान बुद्धांचीही पाठ दुखत असे. पावा इथे मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत धम्मोपदेश झाल्यावर त्यांनी सारिपुत्तांना पुढचे बोलायला सांगितले, कारण त्यांची पाठ दुखत होती आणि त्यांना आडवे व्हायचे होते. कपिलवस्तूला हेच काम आनंदांना सांगितले. दीघ निकाय आणि मज्झिम निकाय या ग्रंथांत हे प्रसंग आहेत. पाठ दुखते म्हणून त्यांनी चमत्कार केला नाही, लपवलेही नाही. विश्रांती घेतली. आणि दुसरीकडे ते चंक्रमण करत, म्हणजे ठरावीक जागेत सावधपणे येरझारा घालत. बोधगयेला महाबोधी महाविहाराच्या उत्तरेच्या भिंतीलगत ती चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. चंक्रमणाचे पाच फायदे त्यांनी भिक्खूंना सांगितले आहेत, त्यांत निरोगीपणा आणि अन्नपचन आहे. आपण विहारात चंक्रमण ध्यानाचा भाग म्हणून करतो. कंबर दुखणाऱ्याला ते औषधही आहे.

"मी दिवसभर चालतोच की, ताई"

हे प्रत्येक जण म्हणतो आणि ते खरेही आहे. ऊसतोडीची बाई दिवसाला किती चालते हे शहरातल्या लोकांना कळणारही नाही. पण ते चालणे वेगळे. त्यात डोक्यावर मोळी असते, वेग मुकादमाचा असतो आणि थांबायचे कधी हे ट्रक ठरवतो. त्या चालण्यानेच कंबर गेली आहे. उपचाराचे चालणे रिकाम्या हातांनी, ताठ मानेने, आपल्या वेगाने असते. कामाचे चालणे यात मोजायचे नाही. ज्या दिवशी काम जड झाले त्या दिवशी उपचाराचे चालणे थोडे कमी करायचे, बंद करायचे नाही.

इथे एक राग मनात येतो तो लिहून टाकते. श्रमाने शरीर मोडले की आपल्या माणसांना विश्रांती मिळत नाही, पट्टी मिळते किंवा सुरी मिळते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली गेल्याच्या प्रकरणी शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेनंतरही त्यांना कोयता सुटला नाही, आणि कंबरदुखीही. चालण्याने उचल फिटत नाही हे मला ठाऊक आहे.

कसे सुरू करायचे

त्रास सर्वांत जास्त असतो त्या पहिल्या चार-पाच दिवसांत चालायचा हट्ट नको. पाणी, मीठ-साखरेचे पाणी, पेज, औषध आणि घरातल्या घरात चार पावले एवढेच. चक्कर येत नाही असे वाटले की मोजमाप करा.

समजा, पंचेचाळिशीचा हमाल आहे. तो सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालला की दुखणे वाढू लागते. मग त्याने दहा मिनिटांनी सुरुवात करायची नाही, सहाने करायची. सकाळी सहा मिनिटे, संध्याकाळी सहा मिनिटे. दुखो वा न दुखो, सहा म्हणजे सहा. दर चौथ्या दिवशी एक मिनिट वाढवायचे. दोन महिन्यांत तो एका वेळी वीस मिनिटांवर येतो, दोन वेळचे मिळून चाळीस. ज्याला दोन मिनिटेही जमत नाहीत त्याने एका मिनिटाने सुरुवात करावी, दिवसातून पाच-सहा वेळा. घड्याळ नसेल तर विजेच्या खांबांनी मोजा. आज तीन खांब, पुढच्या आठवड्यात चार.

बहुतेक जण चुकतात ते चांगल्या दिवशी. सकाळी उठल्यावर कंबर हलकी वाटते, मग माणूस एकदम तासभर चालतो, शिवाय घरातली पाण्याची टाकीही हलवतो. दुसऱ्या दिवशी खाट. चार दिवस खाटेवर काढल्यावर "चालण्याने वाढले" असे म्हणून सोडून देतो. चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त नाही आणि वाईट दिवशी ठरल्याच्या निम्मे, हा नेम पाळला तरच हे जमते. चालल्यावर दुखणे थोडे वाढून दुसऱ्या दिवशीपर्यंत मूळ जागी आले तर घाबरू नका, त्याने मणका झिजत नाही. वाढलेलेच राहिले तर चार दिवस मागे जा आणि तिथून पुन्हा वर चढा.

वेग असा हवा की सोबत्याशी बोलता येईल, गाणे म्हणता येणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज मिनिटे लिहा. दुखणे किती हे रोज लिहू नका, आठवड्यातून एकदा पुरे. रोज मोजले की मन तिथेच अडकते. त्याऐवजी काय जमू लागले ते लिहा. पाण्याचा हंडा उचलला, नातवाला शाळेत सोडले, विहाराच्या पायऱ्या न थांबता चढलो.

रस्ता विचार करून निवडा. जिथून गोळ्या आणत होता ते मेडिकल, ज्याच्याकडून बटन घेत होता तो टपरीवाला, जुन्या सोबत्यांचा पार, हे रस्त्यात येऊ नयेत, चार गल्ल्या वळसा पडला तरी चालेल. सुरुवातीला एकट्याने जाऊ नये आणि खिशात जास्त पैसे ठेवू नयेत. बायकोने किंवा भावाने सोबत जावे, पण पहारेकऱ्यासारखे नाही.

आपल्या वस्तीत बाग नसते, पदपथ नसतो, गल्लीत नाली उघडी असते आणि कुत्री मागे लागतात. तेव्हा विहाराचे किंवा समाजमंदिराचे आवार सकाळ-संध्याकाळ तासभर उघडे ठेवा, अशी मागणी समितीकडे करता येईल. दोन टोकांमध्ये येरझारा घातल्या तरी चालणेच. बायकांसाठी तर ही जागा फारच गरजेची आहे, कारण गोळीची सवय बाईची असली की ती घरातच दडते. चुलीपुढे बसायला गोळी लागते, पण बाई नशा करते असे कोण म्हणणार? दोघी-तिघी मिळून वंदनेआधी फिरल्या तर कोणाला कारण सांगावे लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळी आठनंतर बाहेर पडू नका. या औषधांनी घाम जास्त येतो, पाणी बरोबर ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच उठून चालू लागलात तर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून आधी बसा, मग उभे राहा, मग निघा. पावसाळ्यात चिखलात घसरणारी स्लीपर घालून जाण्यापेक्षा घरातल्या घरात पावले टाका. मधुमेह असेल तर रात्री पायांचे तळवे बघा, जखम झालेली कळत नाही.

कधी चालायचे नाही, आधी दाखवायचे

कंबरदुखीसोबत संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्या दाट वस्त्यांत तो विसरून चालत नाही. लघवी-संडासवर ताबा जाणे, मांड्यांच्या आत बधिरपणा, पायातली ताकद जाणे यात एक दिवसही घालवू नका, सरळ मोठा दवाखाना. पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे आणि चालताना छातीत भरून येणे हेही तसेच.

सिकलसेलचे वेगळे आहे. तो विदर्भात आणि नांदेडच्या किनवट भागात आदिवासींत आणि आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका आला तर त्याला कधी कधी अफूच्या जातीचे औषध खरेच लागते, आणि झटक्यात चालायला लावणे, उन्हात दमवणे, तहानलेले ठेवणे घातक आहे. कर्करोगाच्या रुग्णाचेही तेच. त्याला मॉर्फिन सहज मिळावे म्हणून तर 2014 मध्ये कायद्यात बदल केला गेला. हा लेख वाचून कोणी आजीची मॉर्फिनची गोळी काढून घेऊ नये.

दुखणे मागच्या जन्माच्या कर्माचे फळ, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. वेदना पित्ताने, कफाने, वाताने, ऋतुबदलाने, शरीराची काळजी न घेतल्याने, मार लागल्यानेही होतात, सगळ्याच पूर्वकर्माच्या नसतात, असे बुद्धांनी सीवक नावाच्या परिव्राजकाला सांगितले होते. आपल्या कंबरेचे कारण पोत्यात आहे.

कुठे जायचे

नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. केस पेपर काढताना 'मानसोपचार' सांगा. व्यसन म्हणायची लाज वाटत असेल तर "झोप नाही आणि गोळीची सवय आहे" एवढे पुरे. त्याच दिवशी हाडांच्या ओपीडीत कंबरही दाखवा आणि दोन्हीकडे एकमेकांची औषधे सांगा. नाहीतर एका खोलीत ट्रॅमाडॉल बंद होते आणि दुसऱ्या खोलीत पुन्हा लिहून मिळते. लातूरकरांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्या, नाव सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे. रांगेत तासन्‌तास बसावे लागते, त्याने कंबर आखडते. नंबर घरच्या माणसाकडे देऊन दर अर्ध्या तासाने उठा आणि रुग्णालयाच्या आवारात पाच मिनिटे चाला. कित्येकांचा चालण्याचा पहिला दिवस तोच ठरू शकतो.

उपचारासाठी गेले तर पोलिस धरतील ही भीती अनेकांना असते. स्वतःच्या सवयीपुरता थोडा साठा बाळगणारा माणूस आपणहून व्यसनमुक्तीच्या उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालू नये, अशी तरतूद 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64-अ मध्ये आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात. त्यांची माहिती गुप्त ठेवली पाहिजे आणि त्यांना साखळीने बांधता येत नाही. एखाद्या खासगी केंद्रात मारझोड होते, कोंडून ठेवतात असे कळले तर तिथे माणूस ठेवू नका.

फोनवर विचारायचे असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि 14416 ही टेलिमानस, दोन्ही फुकट. माणूस हलवूनही उठत नसेल, घोरल्यासारखा आवाज येत असेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर 108 ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, आणि काय घेतले होते ते येणाऱ्या डॉक्टरांपासून लपवू नका.